निकोलाच्या दिवशी रोजगार मेळावा

"तुमच्यातला सगळ्यात मोठा गुण कोणता, ते एका वाक्यात सांगा," असं दुन्या म्हणाली, आणि वर्गातली बाराच्या बारा माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली.

आता हा काय प्रश्न झाला? लिपोविकमध्ये माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःचा गुण सांगतो तो दोनच वेळा. एक तर राकियाचे चार पेले पोटात गेल्यावर, नाहीतर निवडणुकीला उभा राहिल्यावर. दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांनाच लाज वाटते. इथे तर सकाळचे दहा वाजलेले, समोर कॉफीसुद्धा नाही, आणि ही सव्वीस वर्षांची पोरगी हातात खडू घेऊन गुण विचारतेय!

मिलुंका तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसली होती. ती जागा तिचीच. हा हॉल म्हणजे मोज्यांच्या गिरणीची कॅन्टीन, आणि तेहेतीस वर्षं तिने याच खिडकीपाशी बसून डबा खाल्ला होता. वसंतात गिरणी बंद पडली. सरकारने आधी दुःख व्यक्त केलं, मग समिती नेमली, मग समितीने दुःख व्यक्त केलं, आणि सप्टेंबरात रोजगार कचेरीने याच कॅन्टीनमध्ये 'आत्मविश्वासाने कामाकडे' नावाचा वर्ग उघडला. भिंतीवर 'हात धुवा' ही जुनी पाटी तशीच होती. तिच्या शेजारी 'स्वतःला विकायला शिका' अशी नवी पाटी लागली होती. मिलुंकाला ती वाचून रोज कसंतरीच व्हायचं.

पण वर्गाला दांडी मारायची सोय नव्हती. तीन गैरहजेऱ्या झाल्या की बेरोजगारांच्या यादीतून नाव कटणार, आणि यादीत नाव नाही म्हणजे सरकारी योजनेतली नोकरी नाही. मिलुंकाला नोकरी हवीच होती. पेन्शनसाठी तिची चौदा महिन्यांची सेवा कमी पडत होती. मेली ती गिरणी! इतकी वर्षं रडतखडत चालली, आणखी चौदा महिने कळ काढली असती तर कुणाचं काय जात होतं? आता सत्तावन्न वर्षांच्या बाईला चौदा महिन्यांसाठी कोण दारात उभं करणार?

"तेत्का मिलुंका, तुम्ही सुरुवात करा," दुन्या म्हणाली. वर्गातल्या थोरल्या बायका तिच्या तेत्का, म्हणजे मावश्या.

"मी कशाला? बोगोल्युबला विचार. तो फोरमन होता."

बोगोल्युब मागच्या रांगेत होता, साठीचा, मिशाळ. गिरणीतलं प्रत्येक मशीन त्याने कधी ना कधी उघडून बसवलेलं. तो म्हणाला, "मला काय विचारायचंय त्यात? मी नुसता पाना फिरवायचो."

"बरं, असं करू," दुन्या म्हणाली. पोरगी चिकाटीची होती, हे कबूल करायला हवं. रोज निशहून बसने यायची, आणि तिचं स्वतःचं कंत्राट जानेवारीअखेरपर्यंतच होतं. "तेत्का, समजा मी कारखान्याची मालकीण आहे. तुम्ही नोकरी मागायला आलात. मी विचारते, मी तुम्हालाच का घ्यावं?"

"नको घेऊ. तुझी मर्जी."

वर्ग खदखदून हसला.

"अहो तेत्का!"

"मग काय तुझ्या पाया पडू? घ्यायचं तर घे, नाहीतर राहू दे. मी काय भाजी विकायला आलेय?"

"ठीक आहे. मग एखादी कमजोरी सांगा. मालक तेही विचारतात."

"डावा गुडघा."

दुन्याने फळ्यावर डोकं टेकवलं. मिलुंकाला वाईट वाटलं. पोरीला त्रास द्यायचा तिचा हेतू नव्हता, पण प्रश्नच असे आचरट असले तर माणूस काय करणार! बायोडेटा लिहायच्या दिवशीही हीच गत झाली होती. बाकीच्यांनी निदान अर्धं पान भरलं, मिलुंकाने लिहिलं, 'मिलुंका स्तोयिचिच. मोजे.' आणखी काहीतरी लिहा म्हटल्यावर तिने खाली 'तेहेतीस वर्षं' असं जोडलं आणि पेनाला टोपण लावलं.

तेव्हा शेजारच्या देसांकाला राहवलं नव्हतं. देसांका पॅकिंगला असायची, मिलुंकापेक्षा चार वर्षांनी लहान. तिचा नवरा दोन वर्षं अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. ती म्हणाली, "अगं, ही टोकाच्या मशीनवर होती. मोजा विणून येतो तो पुढून उघडा असतो, त्याचं टोक हिने शिवायचं. तेहेतीस वर्षांत हिच्या हातचा एकही मोजा टोकाशी उसवून परत आलेला नाही. एकही! आम्ही पॅकिंगवाल्या तिची पेटी तपासतसुद्धा नव्हतो."

"हे!" दुन्या जागची उठलीच. "हेच लिहा! अगदी हेच वाक्य!"

मिलुंकाचे कान लाल झाले. "तू गप गं देसांका. हे मी कसं लिहू? हे तू लिहिलंस तर शोभेल."

"पण बायोडेटा तुमचा आहे, तेत्का!"

"म्हणून तर."

नोव्हेंबरच्या अखेरीला कचेरीचे साहेब वुकोमान स्वतः वर्गावर आले. ते आले की काहीतरी चांगलं किंवा काहीतरी वाईट असायचं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही, कारण बावीस वर्षं सरकारी नोकरीत राहून तो चेहरा पुसून गेला होता. त्यांनी कागद उलगडला. हायवेजवळच्या वायरींच्या कारखान्यात पन्नाशीच्या वरच्या माणसासाठी एक जागा निघाली होती. माल तपासायचं बसून काम, दोन वर्षांचा करार, पगारात सरकारचा वाटा. ही जागा रोजगार मेळाव्यातूनच भरायची. सबंध देशात एकाच दिवशी मेळावे, लिपोविकमध्ये याच हॉलमध्ये, सकाळी दहाला. कारखान्याच्या भरतीच्या बाई जातीने येणार.

दोन वर्षं! मिलुंकाने मनात चौदा महिने वजा करून पाहिले. दहा महिने उरत होते. उरलेल्या दहांत ती फुकटसुद्धा काम करायला तयार होती.

"कधी आहे साहेब?" कुणीतरी विचारलं.

वुकोमान खाकरले. "एकोणीस डिसेंबर."

मागून बोगोल्युबचं हसू फुटलं, ते खोकल्यात गेलं, खोकल्यातून परत हसण्यात आलं.

"एकोणीस डिसेंबर!" तो डोळे पुसत म्हणाला. "अहो साहेब, संत निकोला!"

"वरून आलंय," वुकोमान म्हणाले.

"वरून म्हणजे? संत निकोलाकडून?"

हसू नका. तुम्हीच सांगा, काय म्हणायचं या सरकारला? स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण, आणि संत निकोलाची स्लावा म्हणजे अर्ध्या देशाच्या घरी त्या दिवशी मेणबत्ती पेटलेली असते, आणि उरलेला अर्धा देश त्यांच्याकडे जेवायला गेलेला असतो. बेलग्रेडमध्ये ज्याने ही तारीख काढली, त्या बिचाऱ्याला ना घराणं असणार ना मित्र. वर्गातल्या बारापैकी सात घरी निकोला होता. खुद्द वुकोमानांच्याही घरी. "मी मनाने उपस्थित राहीन," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले आणि निघून गेले.

मिलुंकाच्या घरीही निकोलाच. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, रादिशाच्या घराण्याचा. तो जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लुब्लियानाला नांदतेय, तेव्हा ती मेणबत्ती आता एकट्या मिलुंकाच्या हातात होती. स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं. येतो तो येतो. आलेल्याला परत पाठवायचं नाही, का आलास म्हणून विचारायचं नाही. दिवसभर घरधन्याने उभं राहायचं आणि पाहुण्याने बसायचं. दार लावायचं नाही.

"एकच तास या," दुन्या अजीजीने म्हणाली. वर्ग सुटल्यावर ती मुद्दाम थांबली होती. "दहा ते अकरा. ती जागा तुमच्यासाठीच निघालीय असं समजा."

"आणि घरात मेणबत्ती पेटलेली, दार उघडं, आणि घरधनीण नोकरी मागायला गेलेली? कुणी आलं तर?"

"मला कळत नाही का, तेत्का? आमच्याकडे संत जॉर्ज आहे. माझी आई त्या दिवशी डॉक्टरकडेसुद्धा जाणार नाही. पण चौदा महिने हो! चौदा!"

"चौदा महिने माझे आहेत," मिलुंका म्हणाली. "निकोला रादिशाच्या घराण्याचा आहे."

बोलताना ती अशी ताठ होती, पण घरी येऊन कपाटातला चांगला कोट काढून तिने खुर्चीवर टाकला. दोन दिवस तो खुर्चीवरच होता. तिसऱ्या दिवशी तिने त्याला ब्रश मारला. सकाळी साडेनवाला निघालं आणि साडेदहाला परत आलं तर कुणाला कळणार? इतक्या लवकर कोण जेवायला येतंय? संत निकोला स्वतः प्रवाशांचा कैवारी, त्याला काय माणसाची धावपळ कळत नसेल?

एकोणीस तारखेला बर्फ भुरभुरत होतं. सकाळच्या प्रार्थनेत पाद्रीबाबांनी तिची पोळी आशीर्वादून दिली, तिने घरी येऊन संताच्या चित्रापुढे मेणबत्ती लावली, अक्रोड-साखरेतला शिजवलेला गहू टेबलावर मांडला. निकोला उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून मांस नाही, मासे चालतात. माशाचं सार मंद आचेवर होतं, पांढरा घेवडा कांद्यात भाजून भट्टीत होता, मासे पीठ लावून तळायला तयार होते. साडेनऊला तिने कोट चढवला, आरशात न बघताच रुमाल बांधला, मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघितलं, 'माझ्या हातचा एकही मोजा,' आणि पुढे तिची जीभच वळेना. तरी ती निघाली. अंगण ओलांडून फाटकाला हात घातला.

फाटकाबाहेर झिवादिन उभा. रादिशाचा चुलतकाका, त्र्याऐंशी वर्षांचा, वरच्या खेड्यातून पहिल्या बसने आलेला, बगलेत बाटली, टोपीवर बर्फ.

"स्लावा सुखाची होवो, घरधनीण!" तो ओरडला, कारण त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. "कुठं निघालीस?"

मिलुंकाने त्याच्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. गिरणीचं धुराडं इथून दिसायचं.

"कुठं नाही," ती म्हणाली. "तुमच्या स्वागतालाच आले."

ती आत आली, कोट काढला, खुंटीला टांगला आणि तेल तापत ठेवलं. तेल तापेपर्यंत तिने म्हाताऱ्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात सरकारचा, गिरणीचा आणि पहिल्या बसच्या ड्रायव्हरचा यथेच्छ उद्धार केला. म्हातारा मान डोलावून "हो, हो, थंडी फार," म्हणत राहिला.

बारापर्यंत घर भरलं. बोगोल्युबचा संत मिखाइलो, तो नोव्हेंबरातच होऊन गेलेला, म्हणून तो बायकोला घेऊन आला. देसांका नवऱ्याला भरवून आली. शेजारी आले, गिरणीतले आले. ज्यांच्या स्वतःच्या घरी स्लावा, तेही पाच मिनिटं उभ्याउभ्या एक पेला घेऊन गेले. खुर्च्या कमी पडल्या तसं पलंग ओढला. आणि सव्वाबाराला दारात दुन्या उभी राहिली. नाक लाल, ओठ निळे, आणि तिच्या मागे उंच टाचांच्या बुटांत, शहरी कोटात, थंडीने कुडकुडणारी एक बाई.

"तेत्का, स्लावा सुखाची होवो," दुन्या कशीबशी म्हणाली. "आम्ही नऊपासून हॉलमध्ये बसलोय. हीटरच्या खोलीची किल्ली वुकोमानसाहेबांकडे राहिली. एकही माणूस आला नाही. गावात एक कॉफी मिळेल तर शपथ. या गोस्पोजा ओलिवेरा. कारखान्याच्या. आम्हाला फक्त जरा ऊब—"

"बूट काढू नका, तसेच आत या!" मिलुंका म्हणाली, आणि तिने त्या बाईचा कोट उतरवूनसुद्धा घेतला.

आधी चमचाभर गोड गहू, मग राकियाचा पेला, मग सार. ओलिवेराबाई पहिल्या वाटीला बोलल्या नाहीत. दुसऱ्या वाटीला त्यांच्या गालांवर रंग आला. तिसऱ्या वाटीला त्यांनी पर्स उघडून कागद बाहेर काढले. "म्हणजे वर्गातली मंडळी इथेच आहेत म्हणायची! मग मेळावा इथेच उरकू. माझी परतीची गाडी तीनची आहे. कोण कोण उमेदवार आहे?"

"आधी मासा खा," मिलुंका म्हणाली.

"खाता खाता विचारते. हे काका, तुम्ही?"

"मी?" बोगोल्युब दचकला. "मला काय येतंय! हिला विचारा, देसांकाला. पाचशे जोड्या नुसत्या बोटांनी मोजायची, डोळे मिटून. एकाचा फरक नाही."

"काहीतरीच!" देसांका म्हणाली. "अहो, हा बोगोल्युब! फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून सांगायचा, सातव्या मशीनची सुई गेलीय. आणि गेलेली असायची."

"सुई सगळ्यांनाच कळते," बोगोल्युब म्हणाला. "रंगखात्यातल्या त्या दोघी बघा त्या कोपऱ्यात—"

कोपऱ्यातल्या दोघींनी एकमेकींचं नाव घेतलं. त्यांच्यातली एक पुढे म्हणाली की सगळ्यात कष्टाळू तर तिसराच, जो आत्ताच उभ्याउभ्या एक पेला पिऊन गेला. ओलिवेराबाईंचं पेन कागदावर सारखं पुढेमागे होत होतं. एकच जागा, आणि ती सगळ्या टेबलाभोवती फिरत होती, कुणी घ्यायला तयार नाही. झिवादिनने मधेच आपला हात वर केला, पण त्याला मीठ हवं होतं.

"आणि तुम्ही?" बाईंनी शेवटी वर बघितलं. मिलुंका माशांची परात घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. "तुम्हीही गिरणीत होतात ना? तुम्ही काय करायचात?"

दुन्याने टेबलाखाली बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती आणि तिचे ओठ हलत होते. तेच वाक्य, तेहेतीस वर्षांत एकही मोजा. एवढं एकच वाक्य म्हणायचं, की दोन वर्षांचा करार. मिलुंकाच्या जिभेवर ते आलंही होतं. तेवढ्यात देसांकाने तोंड उघडलं, "अहो, ही तर—"

मिलुंकाने तिच्या ताटात माशाचा एवढा मोठा तुकडा टाकला की देसांकाचं वाक्य तिथेच राहिलं. "खा तू."

मग ती बाईंना म्हणाली, "मी काही नाही. मोजे शिवायचे. देसांकाला घ्या. तिचा नवरा अंथरुणाला आहे, आणि माल तपासायला तिच्यासारखी नजर अख्ख्या गिरणीत नव्हती. हे मी म्हणून नाही, खरंच सांगते."

बाईंनी लिहून घेतलं. देसांका रडायला लागली. बोगोल्युबने पेला वर केला आणि सगळ्यांनी वर केला, आणि मिलुंका परात घेऊन स्वयंपाकघरात गेली, कारण मासे संपले होते.

दुन्या मागोमाग आली. "तेत्का, एक वाक्य! एकच वाक्य होतं! तुम्हाला ती विचारत होती!"

"पाहुणी होती ती, पोरी." मिलुंका कढईकडे बघत बोलत होती. "माझ्या घरी बसलीय, माझं सार प्यायलीय, माझ्या मेणबत्तीपुढे. आता मी नोकरी मागितली तर ती नाही कशी म्हणणार? तोंड उरलंय का तिला? ते मागणं नाही झालं, ते मानगूट धरणं झालं."

"मग देसांकासाठी कसं मागितलंत?"

"दुसऱ्यासाठी चालतं," मिलुंका म्हणाली, आणि तिने ओट्याची कड घट्ट धरली. वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं. देसांकाला मिळालं म्हणून नव्हे. देसांकाला मिळायलाच हवं होतं. पण आपल्याला एकदा तरी, एकदाच, तोंड उघडता यायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःचाच असा राग आला की डोळे भरून आले. दुन्याने मिलुंकाच्या हातातून झारा घेतला आणि मासे उलटले. उलटताना दोन मोडले.

निघताना दुन्याला आठवलं की हजेरीपट भरून पाठवायचा आहे, नाहीतर तिचं कंत्राट गेलंच. तिने तो टेबलावर फिरवला. लोकांनी सह्या केल्या, पाहुणे आनंदात होते, समोर काय येतंय हे कोण बघतो! झिवादिनने तर दोन ओळी भरून सही केली. एक्केचाळीस सह्या झाल्या. ठिकाण या रकान्यात दुन्याने जरा विचार करून लिहिलं, 'स्थानिक कुटुंबाच्या निवासस्थानी.'

सरकारी कागद एकदा निघाला की तो कुठे जाऊन काय करेल, याचा नेम नाही. जानेवारीच्या शेवटी वुकोमान वर्गावर आले, आणि गंमत म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. देशभर त्या दिवशी मेळावे भरले होते. कुठे दोन माणसं आली, कुठे एक, बहुतेक ठिकाणी हॉलचा चौकीदार. सगळ्या देशात पहिला नंबर लिपोविकचा! हजर एक्केचाळीस, नोकरी मिळाली एकाला. वुकोमानांनी पत्र तीनदा वाचलं. मंत्रालयाला लिपोविकची पद्धत अतिशय परिणामकारक वाटली होती. 'नागरिकांशी त्यांच्या नैसर्गिक वातावरणात संवाद,' असं तिचं नाव ठेवलं होतं. दुन्याचं कंत्राट वाढलं, आणि तिने आता पाच गावांत फिरून ही पद्धत शिकवायची होती. आणि लिपोविकच्या वर्गासाठी बेरोजगारांच्या यादीतूनच एक मार्गदर्शक नेमायचा होता. पगारी. सेवेत धरला जाणारा.

"ज्या निवासस्थानी पद्धत राबवली गेली, तिथल्या व्यक्तीला प्राधान्य," वुकोमान वाचत होते, आणि सगळ्यांनी मिलुंकाकडे बघितलं.

"मी काही मागितलं नव्हतं," मिलुंका चटकन म्हणाली.

"पत्रातही तसं कुठे म्हटलेलं नाही," वुकोमान म्हणाले. "सही करा."

"किती दिवसांचं काम आहे?"

"योजना संपेपर्यंत. बारा महिने."

"बारा?" मिलुंकाने पेन खाली ठेवलं. "बारा कसे? मला चौदा लागतात!"

"योजना बाराचीच आहे हो, बाई. मी काय करू? वरून आलंय."

"दोनच महिने राहतात," मागून बोगोल्युब म्हणाला. "कशाला जीव टाकतेस? डिसेंबरात परत निकोला आहेच. या वेळी दोन मासे जास्त तळ."

सगळे हसले. मिलुंकाही हसली, शिव्या देत हसली, आणि सही केली. संध्याकाळी देसांका कामावरून परस्पर तिच्याकडे आली आणि फाटकातच रडायला लागली, तेव्हा मिलुंका तिला म्हणाली, "रडतेस काय? माझ्यापेक्षा जास्त महिने तुला मिळालेत, आता निदान कॉफी तरी तू कर."

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मिलुंका वर्गात पुढे उभी राहिली. चांगला कोट घातला होता. तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, म्हणजे तिला वाटलं रिकामी आहे, पण तिच्यावर झिवादिन बसला होता. त्याने मेळाव्यात सही केली होती, त्यामुळे कचेरीने त्याचं नाव उमेदवार म्हणून चढवलं होतं आणि हजर राहण्याचं पत्र पाठवलं होतं. त्र्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच सरकारने आपल्याला बोलावलं, म्हणून म्हातारा टाय लावून आला होता.

टेबलावर दुन्याने ठेवलेली वही होती. पहिला धडा: 'तुमच्यातला सगळ्यात मोठा गुण.' मिलुंकाने प्रश्न वाचला, आणि वर्गातली माणसं बुटांकडे बघायला लागली. तिला ते बूट ओळखीचे होते. ही माणसं इथे वर्षभर बसली तरी बुटांतून वर बघणार नाहीत, हे तिला कळत होतं. आणि मागच्या डिसेंबरातला तो ओटा तिच्या हातांना अजून आठवत होता.

तिने 'हात धुवा' च्या पाटीकडे बघितलं. 'स्वतःला विकायला शिका' च्या पाटीकडे बघितलं नाही. घसा साफ केला.

"माझं नाव मिलुंका," ती म्हणाली. "मी टोकाच्या मशीनवर होते. तेहेतीस वर्षांत माझ्या हातचा एकही मोजा टोकाशी उसवून परत आला नाही."

आणि नजर लागू नये म्हणून तिने घाईघाईने लाकडी टेबलावर तीनदा बोटं आपटली.

रंगखात्यातल्या दोघी लाजून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मिलुंकाला वाटलं, संपलं, आता गावात तोंड दाखवायला नको. बोगोल्युब खुर्चीत अस्वस्थपणे हलला, मिशीवरून हात फिरवला, आणि शेवटी त्याला राहवेना.

"हो का?" तो म्हणाला. "आणि ते मशीन तेहेतीस वर्षं चालू कोणी ठेवलं?"

मिलुंका त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने वही त्याच्यापुढे सरकवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"हे घे," ती म्हणाली. "अगदी हेच लिही."